मात्रा लागू पडते तेव्हा

फरसबंद अंगणातून कुणी घोडा सावकाश नेत असेल तर डोळे मिटून ऐकावं. एका फेऱ्यात चार टापा पडतात. डावा मागचा पाय, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. चारींमधलं अंतर सारखं. शेजारी एखादा तबलजी उभा असला तर त्याची बोटं न सांगता मांडीवर आठ मात्रांचा केरवा ताल धरतात आणि घोड्याच्या दोन फेऱ्यांत त्याचं एक आवर्तन पुरं होतं. घोडा दुडक्या चालीवर आला की टापा दोनच उरतात, कारण पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम टेकतात, मग दुसरी तिरकी जोडी. त्यापुढची धाव, रेसकोर्सवर जिला कॅंटर म्हणतात ती, ऐकायला सगळ्यात गोड. मागचा एक पाय, मग तिरकी जोडी, मग पुढचा एक पाय, आणि चौथ्या जागी काहीच नाही. तेवढ्यापुरते घोड्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात. तीन टापा, एक खाली, म्हणजे तालातली मोकळी जागा.

मराठीत मात्रा वैद्याची असते तशीच तबलजीचीही असते. घोड्याच्या सहवासाने किंवा गाण्याने बरं का वाटतं असं विचारलं की बहुतेक ठिकाणी ‘सकारात्मक ऊर्जा’ नावाचं पोतं पुढे केलं जातं. त्यात हात घातला तर हाताला काही लागत नाही. कारण त्याहून साधं आहे आणि बऱ्याच अंशी मोजता येतं. माणसाचं शरीर लयीला चिकट आहे. बाहेर एखादी संथ, न चुकणारी लय मिळाली की पावलं तिच्याकडे सरकतात, पाठोपाठ श्वास, आणि श्वासामागून हृदयाचे ठोके. घोडा ही लय पाठीवरून देतो, तंबोरा कानातून. प्रमाण नीट असलं तर मात्रा लागू पडते. चुकलं तर काहीच होत नाही, कधी कधी उलटतंही.

आधी पाठीचं पाहू. सावकाश चालणारा घोडा मिनिटाला साधारण १०० ते १२० पावलं टाकतो. धडधाकट माणसाची सहज चालही याच घरातली. घोड्याचा मागचा एक पाय उचलून पुढे येतो तेव्हा त्या बाजूची पाठ किंचित खाली जाते. वर बसलेल्याची कंबर त्या बाजूला कलते, थोडी पुढे सरकते आणि थोडी वळते. पुढच्या पावलाला हेच दुसऱ्या बाजूने. आपण स्वतः चालतो तेव्हा कंबर हेच करते. म्हणजे सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूतल्या इजेने हालचालींवर ताबा न राहिल्याने) जे मूल कधी चाललंच नाही, त्याच्या कंबरेला घोड्यावर बसून चालण्याचा अनुभव मिळतो, पायांवर भार न येता. अर्ध्या तासात असे ३,००० झोके होतात, आणि प्रत्येक झोक्याला पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंना तोल सावरून उत्तर द्यावं लागतं. व्यायामाच्या टेबलावर कुणी ३,००० वेळा कंबर हलवून देणार नाही, आणि मूलही ते करू देणार नाही. घोड्यावर मात्र ते हसत बसतं.

या उपचाराला हिप्पोथेरपी म्हणतात. नाव ऐकून पाणघोडा आठवतो, आणि ते अगदीच चूक नाही. ग्रीकमध्ये ‘हिप्पोस’ म्हणजे घोडा, आणि त्या बिचाऱ्या जनावराला ग्रीकांनीही नदीतला घोडाच म्हटलं होतं. उपचाराची गोष्ट सांगताना लिस हार्टेल हे नाव येतंच. डेन्मार्कच्या या घोडेस्वार बाईला १९४४ मध्ये पोलिओ झाला. गुडघ्याखालचे पाय कायमचे गेले, घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागे. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या प्रकारात, म्हणजे घोड्याला शिकवलेल्या ठरावीक चालींच्या स्पर्धेत, त्यांनी रौप्यपदक मिळवलं. त्या खेळात बायकांना भाग घ्यायची परवानगी मिळालेलं ते पहिलंच ऑलिंपिक. चार वर्षांनी पुन्हा रौप्य. पायाने इशारा देता येत नसताना घोडी चालवायची कशी, तर कंबरेच्या कलाने आणि श्वासाने. त्यांची घोडी ज्युबिली तेवढ्यावर चालायची. अपंगांसाठी घोडेस्वारीच्या संस्था युरोप-अमेरिकेत पुढच्या वीस वर्षांत उभ्या राहिल्या, त्यामागे हे उदाहरण मोठं होतं.

प्रत्यक्ष बैठक कशी असते ते सांगतो, कारण ‘घोड्यावर बसवून एक चक्कर’ म्हणजे उपचार असा समज सगळीकडे आहे. घोड्यामागे तीन माणसं लागतात. एक तोंडापाशी दोर धरून चालणारा, दोघं दोन बाजूंना, स्वाराच्या मांडीवर हात ठेवायच्या तयारीत. शिवाय फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट, जो घोड्याकडे कमी आणि स्वाराच्या पाठीकडे जास्त पाहतो. पाठीवर खोगीर बहुधा नसतंच, जाड गादी आणि तंग एवढंच. खोगिराची लाकडी किंवा लोखंडी चौकट मधे आली की पाठीची हालचाल बोथट होते आणि ऊबही अडते. घोड्याच्या अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याहून थोडं जास्त. आखडलेल्या मांड्या या उबेने आणि झोक्याने सैल पडतात. डोक्यावर हेल्मेट सक्तीचं. चढायला चौथरा किंवा उतार, खालून ओढून चढवणं नाही. त्याने घोड्याची पाठ दुखते आणि मूल पहिल्याच मिनिटाला घाबरतं.

सुरुवातीची पाच मिनिटं सरळ रेषेत, एकसारख्या चालीत. मग मोठी वर्तुळं, मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वळणं. सगळ्यात कठीण काम थांबणं आणि पुन्हा निघणं. घोडा थांबला की शरीर पुढे जातं, निघाला की मागे पडतं, आणि दोन्ही वेळा पोटाच्या स्नायूंना झटकन आवळावं लागतं. म्हणून ते सुरुवातीला नाही, अंग सैल झाल्यावर. एकूण वेळ २० ते ३० मिनिटं. त्यापलीकडे पाठ थकते आणि स्वार पोक काढून बसतो. पोक काढून घेतलेले झोके फायद्याचे नाहीत, त्याने कंबर धरते. पालकांना वाटतं पैसे दिलेत तर तास पुरा करून घ्यावा. तिथेच मात्रा चुकते.

काहींना घोड्यावर बसवूच नये. फिट्स आटोक्यात नसतील, हाडं ठिसूळ झाली असतील, मणक्याला मोठा बाक असेल, तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय विषय काढू नये. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात. ते तपासल्याशिवाय घोडा नाही. घोड्याच्या केसांची ॲलर्जी आणि दमा असेल तर तबेल्याच्या दारातच कळतं.

घोड्याच्या बाजूने काय बिघडतं हे तर कुणी विचारतच नाही. खूर वाढले की पाऊल आखूड पडतं. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी यायलाच हवा. घोडा एका पायाने जरासा जरी लंगडत असेल तर त्याच्या चार टापांमधलं अंतर सारखं राहत नाही, आणि तीच वाकडी लय वर बसलेल्याच्या कंबरेत उतरते. दुखरा पुढचा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो, चांगला टेकताना खाली आणतो. स्वार चढायच्या आधी कडक जमिनीवरून वीस पावलं चालवून ऐकायची सवय म्हणूनच लावून घ्यायची. तालात खोट कानाला आधी कळते, डोळ्याला नंतर. वजनाचा हिशोबही सोपा आहे. खोगीर-गादीसकट ओझं घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नको. ३०० किलोच्या तट्टावर ६० किलो. थंड हवेच्या ठिकाणी सुट्टीच्या दिवशी पर्यटक ओढणाऱ्या तट्टांकडे पाहून हा हिशोब मनात करावा, म्हणजे त्या चक्करीला उपचार म्हणायचं धाडस होणार नाही. दिवसभर चढ-उतार करून दमलेलं जनावर पावलं मोजून टाकत नाही, कशीबशी ओढतं.

आणि खरं सांगायचं तर मनाच्या तब्येतीसाठी घोड्यावर चढायची गरज फारशी नसते. काम जमिनीवरच होतं, हातात खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासायचा दातेरी ब्रश, घेऊन.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळासमोरची थोडी जागा आणि शेपटीमागची जागा सोडून. म्हणून नाकासमोरून किंवा मागून जायचं नाही, डाव्या खांद्याच्या दिशेने तिरकं जायचं. जाता जाता काहीतरी बोलायचं, नाव घ्यायचं, काहीही चालेल. दोन हातांवर थांबायचं. त्याचा तुमच्या बाजूचा कान तुमच्याकडे वळला म्हणजे ओळख पटली. कान मागे चिकटलेले, नाकपुड्यांना सुरकुत्या, शेपटीची झटक असेल तर आज नको, परत फिरा. मागचा एक खूर टोकावर टेकवून तो पाय सैल सोडलाय, खालचा ओठ लोंबतोय, तर मामला निवांत आहे.

खरारा मानेच्या वरच्या भागापासून सुरू करायचा, गोल गोल, मनगटाने न करता खांद्यापासून हात हलवून. मान, खांदा, पाठ, पुठ्ठे, पोटाची बाजू. जिथे कातडीखाली लगेच हाड आहे तिथे, म्हणजे गुडघ्याखाली आणि तोंडावर, खरारा लावायचा नाही, तिथे मऊ ब्रश. मग केसांच्या दिशेने लांब हात, प्रत्येक हाताला एक उच्छ्वास. शेवटी फडकं. आयाळीला कंगवा घालण्याआधी बोटांनी गुंता सोडवायचा. खूर साफ करताना घोड्याच्या शेजारी, शेपटीकडे तोंड करून उभं राहायचं, पायावरून हात खाली नेत घोट्यापाशी हलकं दाबायचं. आकडीने टाचेकडून टोकाकडे माती काढायची. तळव्याच्या मधला त्रिकोणी मऊ भाग नाजूक असतो, तिथे टोक टोचायचं नाही. एका घोड्याला नीट खरारा करायला अर्धा-पाऊण तास लागतो. दहा मिनिटांत आटपला तर घोडा स्वच्छ होईल, तुमचं काही होणार नाही.

मान संपून पाठ सुरू होते तिथे एक उंचवटा असतो. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. माणसाने तिथे बोटांनी खाजवलं तर घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात, हे १९९३ मध्ये मोजून दाखवलं गेलं. सावकाश, एका जागी, मिनिटभर. घोडा मान खाली सोडतो, ओठ पुढे काढून हलवतो, एखादा लांब सुस्कारा टाकतो. तो सुस्कारा ऐकला की माणसाचाही सुटतो. नवख्यांचं नेमकं इथेच चुकतं. भीतीने ते श्वास धरून ठेवतात. घोड्याची जात लाखो वर्षं शिकार होत आलेली, असं ताठणं तिला धोक्याची खूण वाटते. तो डोकं वर उचलतो, माणूस आणखी घाबरतो, आणि दोघांचीही अंगं ताठ होतात.

घोडा किती बारीक वाचतो याचा पुरावा जुना आहे. बर्लिनमध्ये ‘हान्स’ नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की त्याला गणित येत नव्हतं, प्रश्न विचारणाऱ्याचं शरीर येत होतं. बरोबर आकड्याला माणसाच्या मानेत जो नकळत सैलपणा येई, तो पाहून हान्स थांबे. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की हान्स चुके. लोकांनी याला फसवणूक म्हटलं. खरं तर यापेक्षा मोठी हुशारी कुठली? खरारा करताना तुमच्यासमोर असाच कुणीतरी उभा असतो. वरवरचं हसू त्याच्यापुढे चालत नाही. त्याला शांत करायचं तर आधी स्वतःचा श्वास लांबवावा लागतो, आणि तो लांबवताना आपण काय मिळवतो हे लक्षात यायच्या आत ते मिळून गेलेलं असतं.

आता कानातून येणारी मात्रा. तंबोऱ्याच्या तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीला आपल्याकडे घोडी म्हणतात. सारंगीच्या गजाला घोड्याच्या शेपटीचे केस लावतात. गजावर घोड्याचे केस, ही गंमत संस्कृतवाल्यांसाठी. मिरजेत तंबोरे होतात त्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमेच्या काठावरून येतात, आणि त्याच नदीवरून भीमथडी तट्टाचं नाव पडलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नारदीय शिक्षा या जुन्या संस्कृत ग्रंथात तर सात स्वर वाटून देताना धैवत घोड्याला दिलाय. ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने मात्र ती जागा बेडकाला दिली. खिंकाळणं ऐकलेल्या माणसाने कुणाची बाजू घ्यावी हे ज्याचं त्याने ठरवावं.

तंबोरा छेडत ‘सा’ लावणं ही गाणाऱ्यांची रोजची गोष्ट, पण न गाणाऱ्यालाही ती पूर्ण उपयोगी आहे. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या, चौथी खर्जाची. पहिली मधल्या बोटाने, उरलेल्या तीन तर्जनीने. चारींमध्ये घाई नको, आणि चौथीनंतर पुन्हा पहिली छेडताना खंड पडता कामा नये. पट्टी स्वतःची. पुरुषांना साधारण पेटीची काळी एक ते पांढरी दोन, बायकांना काळी चार-पाचच्या आसपास. ‘सा’ लावताना गळ्याच्या शिरा दिसत असतील तर पट्टी उतरवा. चारपर्यंत मोजत नाकाने श्वास घ्यायचा, सहा-सातपर्यंत मोजत ‘आ’काराने सोडायचा. मिनिटाला पाच-सहा श्वास होतात. दहा मिनिटं पुरे.

हा पाच-सहाचा आकडा हवेतला नाही. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी लोकांना लॅटिनमध्ये जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली, आणि ‘ओम मणि पद्मे’चा जपही. दोन्ही वेळा श्वास आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि हृदयाच्या व रक्तदाबाच्या लहरी त्या श्वासाशी जुळल्या. धर्म दोन, भाषा दोन, मात्रा एकच.

बिघडतं ते असं. मोबाइलवरचा तंबोरा फोनच्याच स्पीकरवर लावला तर खर्ज ऐकूच येत नाही, वरची किणकिण तेवढी उरते. साधा का होईना, वेगळा स्पीकर घ्यावा, आणि आवाज एवढाच की त्यावर कुजबूज ऐकू यावी. खरा तंबोरा असेल तर पावसाळ्यात तो दर दहा मिनिटांनी उतरतो, घोडीवरचा दोरा सादळतो आणि जवारी, म्हणजे तारेचा झंकार, बोलत नाही. दोरा केसाएवढा पुढे-मागे सरकवत ती जागा शोधावी लागते जिथे तार एकदम उजळते. वर्षानुवर्षांच्या वापराने घोडीवर तारांच्या खाचा पडतात, मग दोऱ्याने काही होत नाही, कारागिराकडून जवारी काढून घ्यावी लागते. डोकं गरगरलं तर तुम्ही श्वास लांब घेत नाही, जोरात घेताय. थांबा, दोन मिनिटं गप्प बसा.

या गप्प बसण्याचं महत्त्व त्याच इटालियन मंडळींना २००६ मध्ये जवळपास अपघाताने सापडलं. निरनिराळं संगीत ऐकवून ते श्वास, नाडी आणि रक्तदाब मोजत होते. त्यात एक भारतीय रागही होता. द्रुत संगीताने श्वास आणि नाडी वाढली, अपेक्षेप्रमाणे. मधे दोन मिनिटांची शांतता ठेवली होती, निव्वळ तुलनेसाठी. तेव्हा नाडी आणि रक्तदाब संगीत सुरू व्हायच्या आधीपेक्षाही खाली उतरले. संगीताने जे धरून ठेवलं ते शांततेत सुटलं. तबल्यातली खाली किंवा घोड्याची हवेतली ती चौथी जागा रिकामी का ठेवायची असते, याला हे एक उत्तर म्हणता येईल. मैफल संपल्यावर लगेच टाळ्यांचा कडकडाट करून आपण अर्धं औषध सांडतो, हा आपला एक आक्षेप.

रागचिकित्सेच्या तक्त्यांबद्दल मात्र हात जोडावेत. मधुमेहाला हा राग, पित्ताला तो, असे कोष्टकवजा संदेश फिरतात. अमुक राग अमुक रोग बरा करतो असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. संगीताचा पुरावा आहे तो वेगळ्या जागी. शस्त्रक्रियेआधीची धास्ती कमी करायला, आणि चाल सुधारायला.

चालीचं तर थेट घोड्याशी नातं आहे. पार्किन्सन्समध्ये किंवा पक्षाघातानंतर पाऊल अडखळतं, कारण मेंदूतलं आतलं घड्याळ अनियमित झालेलं असतं. बाहेरून ठोका दिला की पाऊल त्याला धरतं. अमेरिकेत मायकेल थाउट यांनी १९९० च्या दशकात ही पद्धत नीट बांधली. करायचं असं: आधी रुग्णाची आजची चाल मोजा, ३० सेकंदांत किती पावलं, दुप्पट करा. समजा ७६. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) किंवा तबल्याचं ॲप ७६ वर लावा आणि त्यावर चालू द्या. हे सहज जमल्यावरच पाच टक्क्यांनी वाढवा, म्हणजे ८०. घरच्यांना घाई असते, पहिल्याच दिवशी १०० लावतात, आणि तोल जाऊन पडायची वेळ येते. ठेका ठसठशीत हवा, केरवा उत्तम. विलंबित ख्यालावर कुणी चालू शकत नाही. पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्ट शेजारी हवाच. आणि मधेमधे ठोका बंद करून चालवायचं, तो आत उतरलाय का ते पाहायला.

घोडा आणि गाणं एकत्र आणायचं तर नियम एकच, मोजायचं घोड्याला आणि जुळवायचं गाणं. ऑलिंपिकमध्ये १९९६ पासून ड्रेसाजचा एक भाग संगीतावर होतो. पाहणाऱ्याला वाटतं घोडा तालावर नाचतोय. प्रत्यक्षात आधी घोड्याच्या प्रत्येक चालीचे ठोके मोजून संगीत त्या मापाचं शिवलेलं असतं. उपचाराच्या बैठकीतही असंच करावं. लाउडस्पीकर नको, एक माणूस डफ किंवा ढोलकी घेऊन आतल्या बाजूला उभा, घोड्याच्या टापेवर ठेका धरून. घाबरलेल्या स्वाराला गायला लावणं ही तर प्रशिक्षकांची जुनी युक्ती आहे. गाताना श्वास कोंडून धरता येत नाही. बालगीत, आरती, काहीही चालतं.

याच्या उलटं म्हणजे लग्नाची वरात. घोड्याला आपल्याला ऐकू येत नाही अशा वरच्या पट्टीतलंही ऐकू येतं, ३३,००० हर्ट्झपर्यंत. आपली मर्यादा २०,००० ची. त्याच्या कानापासून पाच फुटांवर डीजे, पुढे फटाके, वर हलणारा नवरदेव. पाय वर-खाली करतोय म्हणजे नाचतोय असं आपण म्हणतो. शिकवलेल्या इशाऱ्यावर तो पाय उचलत असतो, किंवा नुसता पळायची वाट शोधत असतो.

पण याच महाराष्ट्रात घोडा, ताल आणि माणसं एका लयीत येतात ती जागाही आहे. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखीचं रिंगण. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला आजची शिस्त दिली, आणि अंकलीच्या शितोळे सरदारांचे घोडे तेव्हापासून यात आहेत. आजही ते बेळगावकडच्या अंकलीहून पायी आळंदीला येतात. बाजीराव विहीर, खुडूस, पुरंदवडे, जिथे जिथे गोल रिंगण लागतं तिथे चोपदार आधी मोकळं वर्तुळ आखून घेतात. मधे पालखी. आधी पताकावाले धावतात, डोक्यावर तुळशी घेतलेल्या बायका, विणेकरी, टाळ-मृदंगवाले. मग घोडे. एकावर स्वार. दुसऱ्याची पाठ रिकामी, ती माउलींची. भोवती हजारो टाळ एकाच ठोक्यावर पडत असतात. ‘ज्ञानोबा-तुकाराम’ची लय धावेबरोबर चढत जाते, पण तुटत नाही. रिकाम्या पाठीचा घोडा वर्तुळात कॅंटरवर येतो आणि जवळ उभं असणाऱ्याला टाळांच्या खालून टापा वेगळ्या ऐकू येतात. तीन आणि एक खाली. तो गेल्यावर लोक वाकून टापेखालची माती कपाळाला लावतात. मग फुगड्या, उड्या, आणि थोड्या वेळाने सगळं शांत.

त्या शांततेत घोड्याकडे लक्ष ठेवावं. धावून आलेला घोडा लगेच उभा करत नाहीत. मोतद्दार त्याला दोराने धरून सावकाश फिरवतो, दहा-पंधरा मिनिटं, नाकपुड्या फुगणं थांबेपर्यंत. मग जबड्याच्या खालच्या कडेला आतल्या बाजूने दोन बोटं टेकवायची. पेन्सिलीएवढी शीर हाताला लागते, तिथे नाडी मिळते. १५ सेकंद मोजून चाराने गुणायचं. विसाव्यात असलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, आपल्या जवळपास निम्मी. एक ठोका येतो, आणि पुढचा येईपर्यंत इतका वेळ जातो की मोजणारा थबकतो, बोट सुटलं की काय म्हणून जरा सरकवतो. तोवर तो येतो. दोन. तीन. पंधराव्या सेकंदाला मोजणी नऊवर आलेली असते.